गायिका दूर, पियानो अंगावर : छोट्या सभागृहातील ध्वनिमुद्रणाची नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

पाश्चात्त्य अभिजात गायनाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सभागृहात बसून ऐकताना गायिका आणि पियानो यांचा तोल व्यवस्थित वाटत होता. घरी येऊन हेडफोन लावले की पियानो अंगावर येतो आणि गायिका त्याच्या मागे कुठेतरी उभी आहे असे वाटते. शब्दांतले त, क, श हे वर्ण विरघळून जातात आणि ओळीचा अर्थ लागत नाही. म्हणून पुढच्या कार्यक्रमाला गायिकेसमोर आणखी एक माइक उभा केला जातो. त्याने ती जवळ येते खरी, पण तिचा आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो आणि तिने मान वळवली की तो पोकळपणाही बदलतो. मग इक्वलायझर (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारे साधन), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे साधन), कृत्रिम निनाद असे एकेक उपाय चढत जातात आणि ध्वनिमुद्रण सुधारण्याऐवजी थकल्यासारखे ऐकू येऊ लागते.

या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा मंचावरच्या अंतरांत असते. गायिका, पियानो आणि मुख्य माइकची जोडी (दोघांचा एकत्रित आवाज स्टिरिओत टिपणारे, समोर ठेवलेले दोन माइक) यांच्यातील अंतरे मोजपट्टीने मोजली आणि त्यांतले एक अंतर साधारण मीटरभर बदलले, तर पुढच्या कामाचा मोठा भाग उरतच नाही. ते कोणते अंतर, आणि तेच का, हे सांगण्यासाठी ही नोंद आहे. येथे दोनशे ते तीनशे आसनांचे सभागृह, मोठा ग्रँड पियानो, त्याचे झाकण पूर्ण उघडलेले, आणि पियानोच्या वळणात, म्हणजे त्याच्या बाजूच्या बाकदार खोबणीत, उभी असलेली, विनामाइक गाणारी गायिका अशी नेहमीची मांडणी गृहीत धरली आहे.

कानाला चालते ते माइकला का चालत नाही

सभागृहात बसलेला श्रोता दोन कानांनी आणि दोन डोळ्यांनी ऐकत असतो. गायिकेच्या ओठांकडे पाहताना मेंदू तिचा आवाज वेगळा काढतो आणि भिंतींवरून परतणारा निनाद बाजूला सारतो. ध्वनिमुद्रण ऐकताना ही मदत मिळत नाही. माइकपर्यंत थेट पोचलेला आवाज आणि घुमून आलेला आवाज जसेच्या तसे एकत्र समोर येतात, म्हणून सभागृहातल्या सर्वोत्तम आसनाच्या जागी ठेवलेला माइक जवळजवळ नेहमीच फार दूर ठरतो.

किती दूर म्हणजे फार दूर, याचा अंदाज बांधता येतो. सभागृहाच्या घनमीटरमधील घनफळाला निनादाच्या सेकंदांतील कालावधीने, म्हणजे आवाज थांबल्यावर निनाद विरायला लागणाऱ्या वेळाने, भागावे, त्या भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला ०.०५७ ने गुणावे. १५०० घनमीटरचे सभागृह आणि दीड सेकंदाचा निनाद असेल, तर उत्तर सुमारे १.८ मीटर येते. सर्व दिशांना सारखा आवाज टाकणाऱ्या स्रोताचा थेट आवाज आणि निनाद या अंतरावर समसमान होतात. गायिकेचा आवाज मुख्यतः पुढच्या बाजूला जातो, त्यामुळे तिच्यासाठी ही मर्यादा साधारण अडीच मीटरपर्यंत सरकते, आणि कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक, वापरल्यास आणखी थोडी सवलत मिळते. तरीही पहिल्या रांगेच्या मागे, चार-पाच मीटरवर उभी केलेली जोडी प्रामुख्याने सभागृहच ध्वनिमुद्रित करते.

पियानोची गोष्ट वेगळी आहे. त्याचे झाकण आवाज गोळा करून प्रेक्षकांच्या दिशेने परतवते आणि तो झोत गायिकेच्या खांद्यावरून थेट मुख्य जोडीवर पडतो. शिवाय पियानो हा दोन-अडीच मीटर लांबीचा स्रोत आहे, त्यामुळे दूरवरूनही तो भरीव राहतो, तर गायिकेच्या आवाजातला स्पष्टपणा, म्हणजे व्यंजनांचा बारीक भाग, अंतर वाढले की सर्वांत आधी जातो.

आपल्याकडच्या बहुउद्देशीय नाट्यगृहांत यात एक भर पडते. लंडनचे विगमोर हॉल १९०१ मध्ये बेखश्टाइन या पियानो बनवणाऱ्या कंपनीने बांधले. साधारण साडेपाचशे आसनांच्या त्या आयताकृती दालनात मंच आणि श्रोते एकाच खोलीत असतात, त्यामुळे आवाजाला भिंतींचा आधार लगेच मिळतो. नाट्यगृहात मात्र गायिकेच्या डोक्यावर पडदे ओढायची उंच पोकळी आणि दोन्ही बाजूंना विंगा असतात, आणि आवाजाचा बराच भाग तिथेच गडप होतो. परदेशी ध्वनिमुद्रणांच्या छायाचित्रांत दिसणारी माइकची अंतरे अशा जागेत जशीच्या तशी उचलू नयेत. मागे लाकडी पडदी उभी करता आली, तर ती अवश्य करावी.

आधी नेमका दोष ओळखावा

तीन वेगळे दोष वरवर ऐकताना एकसारखे वाटतात, म्हणून उपाय करण्याआधी तालमीत दहा मिनिटे काढून त्यांची फारकत करावी. प्रथम फक्त मुख्य जोडी चालू ठेवून गायिकेला पियानोशिवाय दोन ओळी गायला सांगाव्यात. एकटीचे शब्दही धूसर येत असतील, तर जोडी दूर आहे. एकटीचे शब्द स्पष्ट आहेत पण पियानो सुरू झाला की बुडतात, तर प्रश्न तोलाचा आहे. जोडी एकटी चांगली वाटते, पण गायिकेसमोरचा स्पॉट माइक (फक्त तिच्यासाठी जवळ ठेवलेला माइक) मिसळला की आवाज पोकळ होतो, तर दोष दोन माइकांमधल्या वेळेच्या फरकाचा आहे. ही शेवटची खूण दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोमध्ये ऐकली की अधिक उघड होते.

येथे एक गोष्ट माइकच्या माथी मारू नये. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीची गायिका, अगदी वरच्या स्वरांवर जाते तेव्हा ती जबडा अधिक उघडून मुखविवराचा अनुनाद गात असलेल्या स्वराशी जुळवते, त्यामुळे इ, उ, ए यांतला फरक पुसट होतो. तो गायनतंत्राचा भाग आहे आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यालाही तसाच ऐकू येतो. इक्वलायझरने त्या स्वरांत शब्द शोधत बसण्याने आवाज फक्त कर्कश होतो.

गायिकेचे एक पाऊल आणि माइकचे एक पाऊल

आता मुख्य मुद्दा. समजा, मुख्य जोडीपासून गायिका अडीच मीटरवर आणि पियानोचा मध्य चार मीटरवर आहे. गायिका मागे पडते म्हणून बहुतेक जण जोडी एक मीटर पुढे घेतात. गायिकेचे अंतर दीड मीटर होते आणि तिचा थेट आवाज सुमारे ४.४ डेसिबलने वाढतो. पण पियानोही चारवरून तीन मीटरवर येतो आणि तो २.५ डेसिबलने वाढतो. म्हणजे दोघांच्या तोलात प्रत्यक्ष फरक पडला तो केवळ १.९ डेसिबलचा, बाकी सगळे एकत्रच मोठे झाले. याउलट जोडी जागेवरच ठेवून गायिकेला पियानोच्या वळणातून एक मीटर पुढे आणले, तर तिचा आवाज तेवढाच ४.४ डेसिबलने वाढतो आणि पियानो जिथल्या तिथे राहतो. तोलातला संपूर्ण फरक तिच्या पदरात पडतो. तेवढेच अंतर हलवून दुपटीहून अधिक परिणाम मिळतो, आणि तोही एकही यंत्र न वाढवता.

म्हणून पहिली विनंती गायिकेला आणि पियानोवादकाला करावी, आणि ती तालमीच्या सुरुवातीलाच करावी. पियानोच्या वळणात उभे राहण्याची सवय वर्षानुवर्षांची असते. हात पियानोच्या कडेवर टेकलेला असतो, वादकाचा श्वास जाणवत असतो. पुढे आल्यावर दोघांची नजरानजर तुटता कामा नये, नाहीतर तोल सुधारेल आणि गाणे बिघडेल. गायिका पुढे येतानाच किंचित कळफलकाच्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांतून पाहता डावीकडे सरकली, तर वादकाला तिचा चेहरा बाजूने दिसत राहतो आणि झाकणाचा झोतही तिच्या पाठीवरून न जाता शेजारून जातो. मला ही जागा सर्वांत भरवशाची वाटते.

श्रोत्यांविना, केवळ ध्वनिमुद्रणासाठी सभागृह घेतले असेल, तर याहून चांगली मांडणी उपलब्ध आहे. गायिकेने पियानोपासून तीनेक मीटरवर, प्रेक्षागृहाकडे पाठ करून, पियानोकडे तोंड करून उभे राहावे. तिची कार्डिऑइड जोडी तिच्या आणि पियानोच्या मधोमध, तिच्याकडे तोंड करून ठेवावी. कार्डिऑइड माइक बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, आणि ती मागची बाजू आपोआप पियानोकडे होते. पियानोसाठी वेगळी जोडी, तिची पाठ गायिकेकडे. दोन्ही कलाकार समोरासमोर असल्याने एकमेकांना उत्तम ऐकू शकतात, आणि मुद्रणकाराला तोल हातात मिळतो. काही गायकांना रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करणे आधी विचित्र वाटते. पहिले मुद्रण ऐकवले की शंका फिटते.

झाकणाचा प्रश्न

पियानो मोठा वाटतो म्हणून झाकण छोट्या काठीवर ठेवण्याचा आग्रह बरेच जण धरतात. मी तो धरत नाही. झाकण खाली आणल्याने पियानोची पातळी अपेक्षेइतकी उतरत नाही. उतरते ती वरच्या स्वरांची चमक. उरतो तो खालचा आणि मधला गदळ भाग, साधारण २०० ते ४०० हर्ट्झचा, आणि गायिकेच्या आवाजाचा देह नेमका त्याच पट्ट्याच्या आसपास असतो. म्हणजे ज्याने ती झाकली जात होती, तेच प्रमाणाने वाढते. झाकण पूर्ण उघडे ठेवून जागा बदलावी, आणि डाव्या हाताची दाटी व पेडल यांविषयी वादकाशी बोलावे. ते बोलणे आदेशासारखे नसावे. दोघांना दोन मिनिटांचे मुद्रण एकत्र ऐकवले, तर अनुभवी साथीदार न सांगता पेडल हलके करतो. सभागृहासाठी जे पेडल योग्य असते ते अडीच मीटरवरच्या माइकसाठी बहुधा जास्त होते, हे त्यालाही ऐकताच कळते.

मुख्य जोडी

जोडीसाठी ओआरटीएफ रचना, म्हणजे दोन कार्डिऑइड माइक १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात, ही सुरुवात म्हणून पुरेशी आहे. सभागृहाचा निनाद सुंदर असेल आणि एअर कंडिशनर शांत असेल, तर दोन ऑम्नी माइक, म्हणजे सर्व दिशांनी सारखे ऐकणारे माइक, अधिक जवळ आणून वापरता येतात आणि पियानोचा खर्ज त्यांत फार छान येतो. पण तोलाची अडचण आधीच असेल, तर कार्डिऑइडवरच थांबावे. गायिकेपासून दोन ते अडीच मीटर अंतर आणि सुमारे सव्वादोन मीटर उंची ठेवावी, व माइकचा रोख तिच्या चेहऱ्याकडे असावा. जोडी तीन मीटरवर चढवली, तर ती झाकणाच्या आतच डोकावू लागते आणि पियानो पुन्हा पुढे येतो. गायिका स्वरलिपी समोर ठेवून गात असेल, तर धातूचा सपाट स्टँड तिचा आवाज माइककडे परतवतो आणि आवाजाला पत्र्यासारखी धार येते. स्टँड छातीच्या खाली न्यावा, जवळजवळ आडवा करावा, आणि त्यावर जाड कापड घालावे.

स्पॉट माइक आणि पोकळ आवाज

हिंदुस्थानी गायनाच्या मैफलीत माइक ओठांपासून वीतभर अंतरावर असतो, तानपुरा आणि तबल्याला स्वतंत्र माइक असतात, आणि तोल मिक्सरवर केला जातो. त्या कामात मुरलेला मुद्रणकार येथेही माइक तोंडाशी नेतो. पण पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेला आवाज माइकविना सभागृह भरण्यासाठी घडवलेला असतो. विशेषतः पुरुष आवाजांत आणि मेझो-सोप्रानोसारख्या (सोप्रानोहून थोड्या खालच्या पट्टीच्या) आवाजांत सुमारे २५०० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान ऊर्जेचा एक उंचवटा असतो. त्याच्या बळावर तो पियानोच्या वर तरंगतो. वीतभर अंतरावर हाच उंचवटा टोचतो, श्वास ढोबळ होतो, आणि कार्डिऑइड माइकच्या जवळिकीमुळे खालचे स्वर फुगतात. स्पॉट माइक ७० ते ९० सेंटिमीटरवर, तोंडाच्या रेषेपेक्षा थोडा वर किंवा थोडा खाली, आणि त्याची पाठ शक्य तितकी पियानोकडे अशा कोनात असावा.

पोकळपणाचे कारण वेळेत आहे. स्पॉट माइक गायिकेपासून ८० सेंटिमीटरवर आणि मुख्य जोडी अडीच मीटरवर असेल, तर तिचा स्वर जोडीपर्यंत १.७ मीटर जास्त चालतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हा फरक ५ मिलीसेकंदांचा झाला. हे दोन्ही संकेत मिसळले की १०० हर्ट्झवर, ३०० वर, ५०० वर, असे दर २०० हर्ट्झना खड्डे पडतात. दोन्ही माइकांतला तिचा आवाज सारख्या पातळीवर असेल, तर हे खड्डे जवळजवळ संपूर्ण असतात. स्पॉट माइकचा आवाज जोडीपेक्षा १० डेसिबल खाली असेल, तर खड्डा सव्वातीन डेसिबलच्या आसपास आणि उंचवटा सुमारे अडीच डेसिबलचा राहतो, जो कानाला खटकत नाही. यावरून स्पॉट माइक किती मिसळावा याचे उत्तर मिळते : जोडी पूर्ण पातळीवर ठेवून तो हळूहळू वर आणावा, गायिका जवळ आल्याचे प्रथम जाणवेल तेथे थांबावे, आणि मग दोन डेसिबल मागे घ्यावा.

शिवाय स्पॉट माइकच्या मार्गिकेला उशीर द्यावा. तालमीआधी गायिकेच्या जागी उभे राहून एक कोरडी टाळी वाजवावी आणि ती मुद्रित करावी. संगणकावर दोन्ही मार्गिकांतल्या टाळीच्या सुरुवातीचे अंतर मोजता येते. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात, ५ मिलीसेकंद म्हणजे २४० नमुने. तेवढा उशीर, वर अर्धा-एक मिलीसेकंद अधिक दिला तरी चालते, म्हणजे कान गायिकेची जागा मुख्य जोडीवरूनच ठरवतो. स्पॉट माइक गायिका आणि जोडी यांना जोडणाऱ्या रेषेवर असेल आणि पियानोही साधारण त्याच रेषेत मागे असेल, तर हाच उशीर पियानोच्या गळतीलाही, म्हणजे स्पॉट माइकमध्ये शिरणाऱ्या पियानोच्या आवाजालाही, लागू पडतो. माइक बाजूला गेला की पियानोचे गणित वेगळे होते आणि गायिका जुळूनही पियानो पोकळ राहतो. हे लक्षात न आल्याने बरेच जण उशीर देऊन पाहतात आणि उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात. पियानोचा आवाज बिघडतो आहे का, हे ऐकण्यासाठी गायिका गप्प असलेला भाग, म्हणजे गाण्याचा पियानोवरचा आरंभ, घ्यावा आणि स्पॉट माइक बंद-चालू करून पाहावा.

गायिका जागेवरून सरकली की दोन माइकांमधला हा फरकही थोडा बदलू शकतो, म्हणून उशीर कधीच कायमचा अचूक नसतो. खरा आधार पातळी कमी ठेवण्याचाच आहे. पियानोसाठी वेगळा स्पॉट माइक या मांडणीत सहसा लागत नाही. लावला असेल तर तो आधी बंद करून पाहावा.

पातळी, यंत्रांचा आवाज आणि पुढचे काम

तालमीतली गायिका राखून गाते. तालमीत सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलवर, म्हणजे मुद्रणाच्या कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, येत असेल, तर मैफलीसाठी आणखी सहा डेसिबल जागा सोडावी. २४ बिट मुद्रणात एवढी जागा सोडल्याने काहीही हरवत नाही, पण शिखरावरचा एक स्वर फाटला तर तो दुरुस्त होत नाही.

मुंबई-गोव्याच्या दमट हवेत एअर कंडिशनर हा नाजूक विषय आहे. तो बंद केला तर पावसाळ्यात आर्द्रता चढते आणि पियानो सुरातून सरकू लागतो. चालू ठेवला तर मंद गाण्यात त्याची घरघर येते. तो आदल्या संध्याकाळपासून चालू ठेवावा, पियानो त्याच हवेत लावून घ्यावा, आणि श्रोत्यांविना मुद्रण असेल तर फक्त प्रत्येक गाण्यापुरता बंद करावा. उरलेली घरघर काढताना पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आहे हे ध्यानात ठेवून खालचा आवाज कापणारी चाळणी (फिल्टर) ३० हर्ट्झच्या जवळपासच लावावी.

मिक्सिंगमध्ये कॉम्प्रेसरऐवजी हाताने पातळी हलवावी, आणि तीही वाक्यांच्या मधल्या श्वासात, एक-दोन डेसिबलच्या आत. गायिका तरीही निनादापासून सुटी वाटत असेल, तर कृत्रिम निनाद फक्त स्पॉट माइकवर, थोडासा द्यावा. मुख्य जोडीवर देऊ नये, कारण तिच्यात सभागृह आधीच आहे.

सगळे जमले की गायिकेच्या पायांची, माइकच्या स्टँडची आणि पियानोच्या चाकांची जागा चिकटपट्टीने जमिनीवर आखावी, अंतरे आणि उंची वहीत लिहावी, आणि झाकण कोणत्या काठीवर होते व प्रेक्षागृह भरलेले होते की रिकामे हेही नोंदवावे. श्रोते निनाद शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहात थोडी ओली, म्हणजे निनाद जास्त असलेली, वाटणारी जोडी रात्री बहुधा बरोबर ठरते. त्याच सभागृहातल्या पुढच्या मैफलीला याच आकड्यांवरून सुरुवात करावी, आणि गायक बदलला असेल तर सर्वांत आधी त्याच्या उभे राहण्याची जागा बदलून पाहावी.